पावती कोणाच्या हातात?

मागच्या वेळी आपण 'वचन' या कल्पनेपाशी थांबलो होतो. आज तोच धागा धरून पैशाकडे येऊ. कारण नोट म्हणजे तरी काय? रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरने धारकाला दिलेलं छापील वचन. धारक कोण, शिकलेला की अडाणी, बाई की पुरुष, हे ते वचन विचारत नाही. ज्याच्या मुठीत नोट, तो धारक.

आम्ही राहतो कर्जतला. मे महिन्यात स्टेशनबाहेर वाड्यांवरच्या बाया करवंदं, जांभळं घेऊन बसतात. यंदा एका मावशींच्या टोपलीला क्यूआर कोडचा कागद लावलेला दिसला. आम्ही वीस रुपयांचा वाटा घेतला, फोन पुढे धरला, पैसे गेले. सवयीने विचारलं, "मावशी, आले का?" त्या म्हणाल्या, "पुतण्याच्या खात्यात जातात, बाबा. किती झाले ते संध्याकाळी सांगतो तो."

पुतण्या प्रामाणिकच असेल. आमचा रोख त्याच्यावर नाही. पण मावशींचा दिवसाचा गल्ला पुतण्याला दिसतो, बँकेला दिसतो, ॲपच्या कंपनीला दिसतो; त्यांना स्वतःला मात्र दिसत नाही. आजचं सगळं बोलणं या एका गोष्टीभोवती आहे.

आता तुम्ही म्हणाल, प्राध्यापक म्हातारे झाले, नव्याला नाकं मुरडतात. तसं नाही. यूपीआय ही आपल्या देशात झालेली खरोखर मोठी गोष्ट आहे. एप्रिल 2016 मध्ये ती सुरू झाली. चालवते नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन, म्हणजे रिझर्व्ह बँक आणि बँकांच्या पुढाकाराने उभी राहिलेली, नफ्यासाठी नसलेली संस्था. पैसे ॲपमध्ये साठत नाहीत. एका बँकेतून थेट दुसऱ्या बँकेत जातात. कोणत्याही ॲपवरून कोणत्याही ॲपवर जातात. जानेवारी 2020 पासून त्यावर दुकानदाराला शुल्क नाही. वडापाववाल्याची सुट्ट्यांची कटकट गेली, मुंबईत कामाला असलेल्या पोराचे पैसे क्षणात गावी पोचू लागले. ऑगस्ट 2023 मध्ये महिन्याचे व्यवहार एक हजार कोटींच्या वर गेले आणि ऑगस्ट 2025 मध्ये दोन हजार कोटींच्या वर.

आमची तक्रार या आकड्यांशी नाही, त्यांच्यावरून काढल्या जाणाऱ्या अनुमानाशी आहे. व्यवहार वाढले, म्हणून माणसं व्यवहारात सामील झाली, असं आपण धरून चालतो. आमचे वीस रुपयेही त्या दोन हजार कोटींसारख्याच कुठल्यातरी बेरजेत मोजले गेले असणार. पण त्या व्यवहारात मावशी कुठे होत्या? करवंदं त्यांची, उन्हात बसणं त्यांचं, खातं दुसऱ्याचं.

आकड्यांची घाई काय करते, ते आपल्या शेजारीच घडलेलं आहे. नोटाबंदीनंतर महिन्याभरात, डिसेंबर 2016 मध्ये, मुरबाड तालुक्यातलं धसई हे महाराष्ट्रातलं पहिलं 'कॅशलेस' गाव म्हणून जाहीर झालं. कर्जतच्या पलीकडचाच हा तालुका. अर्थमंत्री आले, दुकानांत कार्ड घासायची यंत्रं आली, छायाचित्रं छापून आली. पुढे बातम्या आल्या त्या गाव पुन्हा रोखीकडे वळल्याच्या. आम्हाला यात गावाचं अपयश दिसत नाही. यंत्र दुकानदाराच्या टेबलावर आलं; बाजाराला आलेल्या बाईच्या हातात काय आलं, हे कोणी विचारलं नव्हतं.

हा प्रश्न संगणकाहून जुना आहे बरं का. इथून बोरघाट चढून देशावर जा आणि दीडशे वर्षं मागे जा. 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत ते लोण पसरलं. त्या लोकांचा मुख्य राग कशावर होता? कागदांवर. कर्जरोखे आणि वह्या त्यांनी मागून घेतल्या आणि जाळल्या. कारण शेतकरी पैसे देत होता, घेत होता, पण लिहिणारा हात एकट्या सावकाराचा होता. मग 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला. त्यात एक कलम साधं दिसतं, पण आम्हाला फार मोलाचं वाटतं: पैसे फेडणाऱ्या शेतकऱ्याला लेखी पावती मागण्याचा हक्क. परदेशी सरकारलाही कळलं होतं की पैसा हातात असणं पुरत नाही, नोंदही हातात लागते.

आता खाली या, आपल्या कर्जत-खालापुरात. इथल्या कातकरी वाड्यांवरची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जाण्याआधी मालकाकडून उचल घेतलेली असते. भट्टीवर आठवड्याला खर्ची मिळते. विटा थापतात नवराबायको मिळून, मुलंही हात लावतात. हिशोब मात्र बहुधा पुरुषाच्या नावाने आणि हंगाम संपल्यावर. उचल किती, खर्ची किती, विटा किती, हे मालकाच्या वहीत. उचल फिटली नाही, तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच भट्टीवर. वेठबिगारी बंद करणारा कायदा 1976 चा आहे, पण वही अजून तिथेच आहे.

डिजिटल पैशाची खरी परीक्षा घ्यायची तर ती मॉलमध्ये नको, या भट्टीवर घ्या. दर आठवड्याची मजुरी त्या बाईच्या स्वतःच्या खात्यात जमा झाली, तर प्रत्येक रकमेला तारीख लागते, आणि ती मालकाला खोडता येत नाही. 1879 च्या पावतीहून ही पावती बळकट आहे. पण फोन नवऱ्याचा, नंबर मुकादमाचा किंवा खातं पुतण्याचं असेल, तर जुनी वहीच नव्या पडद्यावर उघडली, इतकाच फरक.

हे जमण्यासारखं नाही, असं कोणी सांगू नये. केनियात 2007 मध्ये एम-पेसा सुरू झालं ते साध्या फोनवर. पैसे पाठवणाऱ्यालाही आणि मिळणाऱ्यालाही एसएमएस जातो. तिथे एका कंपनीचा वरचष्मा आहे, तो दोष आहेच. आपल्याकडे रूळ सार्वजनिक आहेत, पण सुमारे ऐंशी टक्के व्यवहार दोन ॲपमधून होतात. एका ॲपचा वाटा तीस टक्क्यांवर जाऊ नये, हा 2020 मध्ये जाहीर झालेला नियम पुढे पुढे ढकलला जातो आहे. साध्या फोनसाठी यूपीआयची सोय आपल्याकडेही मार्च 2022 पासून आहे. वाडीवर ती किती जणांना कोणी बसून शिकवली, एवढाच प्रश्न आहे.

आणि सक्तीबद्दल एक शब्द. खालापूरच्या टोलनाक्यावर 1 एप्रिल 2025 पासून फास्टॅग नसेल तर दुप्पट टोल. गाडी बाळगणाऱ्यावर अशी सक्ती एक वेळ समजू शकते, जरी भाड्याचा टेम्पो चालवणारा एक आणि पैसे कापल्याचा निरोप जातो दुसऱ्याच्या फोनवर. पण हीच रीत उद्या रेशनच्या दुकानात किंवा दवाखान्यात आली, तर 'नोट चालणार नाही' याचा अर्थ 'तू चालणार नाहीस' असा होईल. नकार देण्याची मुभा असते, तोवरच सोय ही सोय असते.

त्यानंतर आम्ही मावशींकडे सुट्टे वीस रुपये घेऊन गेलो. त्यांनी ते कनवटीला लावले. आम्हाला बरं वाटलं, पण हे उत्तर नव्हे, हे आम्हालाही कळतं. उत्तर म्हणजे त्यांच्या नावाचं खातं, त्यांचा नंबर, आणि आलेली रक्कम त्यांना ऐकू येईल असं बोलणारं यंत्र. म्हणून यापुढे कोणी डिजिटल व्यवहारांचा नवा आकडा सांगितला की टाळी वाजवण्याआधी एक विचारा: पावती कोणाच्या हातात गेली?

आता तुमचे प्रश्न घेऊ.