डर्व्होर्गिलाची गुरं

मध्ययुगीन आयर्लंडमध्ये घडणाऱ्या इंग्रजी प्रेमकादंबऱ्या तुमच्यापैकी काहींनी वाचल्या असतील. मुखपृष्ठावर धुकं, किल्ला, तांबड्या केसांची तरुणी. आत नॉर्मन सरदार आणि त्याच्या गळ्यात बांधलेली आयरिश राजकन्या. शेवटापर्यंत तिचा द्वेष विरघळतो. मी या कादंबऱ्या आवडीनं वाचतो, हे आधीच कबूल करतो. तक्रार आवडीतूनच आहे.

या साच्यामागे एक खरं लग्न दिसतं. लीन्स्टरचा राजा डर्मट मॅकमरो याला ११६६ मध्ये देश सोडावा लागला. परतण्यासाठी त्यानं स्ट्राँगबो या नॉर्मन सरदाराची मदत घेतली, बदल्यात मुलगी ईफा आणि राज्याचा वारसा देऊ केला. ११७० मध्ये वॉटरफर्ड पडलं आणि तिथंच लग्न लागलं. डॅनियल मॅक्लीसनं १८५४ मध्ये या लग्नाचं भलंमोठं चित्र रंगवलं. वधूवरांच्या भोवती प्रेतंच प्रेतं. चित्रकारानं ती ठेवली. कादंबरी पुढच्या प्रकरणापर्यंत ती उचलून मोकळी होते.

पण मला खरं बोलायचंय ते डर्व्होर्गिलाबद्दल. ही ब्रेफ्नेच्या टिअर्नन ओ'रूर्कची बायको. ११५२ मध्ये डर्मटनं तिला पळवलं. तेव्हा ती चाळिशी ओलांडलेली होती. कथेत ती हमखास तरुण, विरहानं पोळलेली. आयरिश बखरी काय नोंदवतात? भावाच्या सल्ल्यानं गेली आणि बरोबर आपली गुरं आणि सामानसुमान नेलं. आता मला सांगा, प्रेमात वेडी झालेली किंवा ओढून नेलेली बाई गुरं मोजून घेते का?

इथं ब्रेहन कायदा आठवावा लागतो. इसवी सन ७०० च्या सुमाराचा एक आयरिश कायदाग्रंथ लग्नांची वर्गवारीच कोणी किती मालमत्ता आणली यावरून करतो. बायकोला नवरा सोडायची कारणंही होती; अंथरुणातल्या गोष्टी बाहेर बोलणारा नवरा, हे त्यातलं एक! डर्व्होर्गिलानं नेमका कुठला हिशेब मांडला, बखर सांगत नाही. पण हिशेब होता, एवढं गुरं सांगतात. पुढच्या वर्षी ती परत आली.

वेल्सच्या जेराल्डनं मात्र ट्रॉयचा दाखला देऊन सगळं खापर बाईच्या चंचलतेवर फोडलं. नॉर्मन आले ते ११६९ मध्ये, म्हणजे सतरा वर्षांनी! आणि गंमत बघा, आजची प्रेमकथा बाईची बाजू घेते असं म्हणते, पण जेराल्डचीच गोष्ट उलटी करून सांगते. त्यानं वासनेला शिव्या दिल्या, ही वासनेला हार घालते. मालमत्ता, भाऊ, कायदा दोघांनाही नको. कारण बाईला दार उघडून जाता येतं म्हटलं, की जबरदस्तीच्या लग्नातून प्रेम फुलवायची सोयच उरत नाही.

लेडी ग्रेगरीनं १९०७ च्या नाटकात तिला म्हातारी दाखवलं, हे मला फार आवडतं. पण तिथंही ती अपराधाच्या ओझ्याखाली. खरी डर्व्होर्गिला मेलिफाँटच्या मठाला ११५७ मध्ये साठ औंस सोनं देते, ११६७ मध्ये क्लॉनमॅकनॉइजला जोगिणींचं चर्च पुरं करते, ११९३ मध्ये मेलिफाँटलाच मरते. हा पश्चात्ताप की ऐपत? मला दुसरं जास्त पटतं, तुम्ही भांडू शकता.

त्या चर्चची कोरीव कमान अजून उभी आहे. एखादी कादंबरी तिथून सुरू झालेली मला वाचायचीय. प्रश्न असतील तर घेऊ या.