पावती कुणाच्या बाजूची? मुंडकार कायद्यातल्या एका कलमाविषयी

आपल्या मंडळात कूळ-मुंडकार विषयावर आजवर जे निबंध वाचले गेले, त्यांचे सूर साधारण दोनच. एका सुरात १९७५-७६चे कायदे म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या दबलेल्या माणसाची सुटका. दुसऱ्या सुरात तेच कायदे म्हणजे भाटकारांच्या घरावर फिरवलेला गाढवाचा नांगर. कायद्याचं नाव दोघेही घेतात, पण कलम काढून कुणी वाचत नाही. मी मुळात पाणीपुरवठ्याच्या कामातला इंजिनिअर. इतिहास नोकरी सांभाळून, चुका करत करत शिकलो. ड्रॉइंग बघितल्याशिवाय बांधकामावर बोलायचं नाही ही सवय मात्र सुटली नाही. म्हणून या टिपणात मी मुंडकार कायद्यातली एक व्याख्या तेवढी वाचणार आहे. आधीच सांगून टाकतो, आमचं घराणं फोंडा तालुक्यातलं भाटकाराचं. भाट लहान, पण भाटकारच. माझ्या वाचनात माझा स्वार्थ कुठे डोकावत असेल तर तो वाचकांनीच पकडावा.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडा खुलासा. भाट म्हणजे माडांची बागायत, तिचा मालक तो भाटकार. शेत खंडानं कसतो तो कूळ. भाटकाराच्या जमिनीवर त्याच्या संमतीनं घर करून राहतो तो मुंडकार. तो माडांवर नजर ठेवायचा, पडलेले नारळ, चुडतं गोळा करून द्यायचा, भाटकाराकडे लग्नकार्य असलं की कामाला जायचा. घराच्या भिंती त्यानं स्वतःच्या हातानं लिंपलेल्या असल्या तरी खालची जमीन त्याची नव्हती, आणि भाटकाराची मर्जी फिरली की राहणंही अवघड व्हायचं. एकच माणूस पुष्कळदा कूळही असायचा आणि मुंडकारही. मात्र कायद्यानं ही दोन नाती वेगळी धरली. शेतजमिनीसाठी १९६४चा कूळ कायदा आणि त्याची १९७६ची पाचवी दुरुस्ती, जिच्यामुळे कूळ कसत्या जमिनीचा मालक मानला गेला. घरासाठी १९७५चा मुंडकार कायदा, जो १२ मार्च १९७६पासून लागू झाला. दोन्ही गोष्टी शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असतानाच्या.

आता व्याख्या. भाटकाराच्या संमतीनं, राहत्या घरात कायमचं बिऱ्हाड करून कायदेशीरपणे राहणारा तो मुंडकार. मग तो भाटकाराची काही सेवा करायला बांधलेला असो वा नसो. या शेवटच्या शब्दांना मी फार मान देतो. गावच्या रिवाजात घर आणि वेठ एकमेकांत गुंतलेली होती. कामाला आला नाहीस तर घर सोड, असा हिशेब. सेवा करा न करा, घरावरचा हक्क तोच राहील, असं म्हणून कायद्यानं ही गाठ सोडवली. घर कुणी बांधलं, कुणाच्या पैशानं बांधलं, यालाही व्याख्येत महत्त्व ठेवलं नाही. पुढे राहतं घर आणि भोवतालची जागा विकत घेण्याचा हक्क दिला: पंचायत क्षेत्रात ३०० चौरस मीटरपर्यंत, इतरत्र २००. सुटकेचा सूर लावणारे इथे बरोबर आहेत.

पण व्याख्या इथे संपत नाही. पुढे मुंडकार कोण नव्हे याची यादी येते. पगारी घरगडी किंवा चौकीदार नव्हे. गिरणी, कारखाना, खाण यांतला, मालकाच्या जागेत कामापुरता राहणारा नोकर नव्हे. दुसऱ्याचं घर राखायला राहिलेला माणूस नव्हे. आणि या यादीत सगळ्यात पहिला: घरात राहण्याबद्दल भाटकाराला भाडं देणारा. तोही मुंडकार नव्हे.

कागदावर यात काही चूक दिसत नाही. भाडेकरूंसाठी १९६८चा भाडे नियंत्रण कायदा आधीच होता. त्यात भाडेकरूला ऊठसूट बाहेर काढता येत नाही, पण घर विकत घेण्याचा हक्कही मिळत नाही. दोन कायद्यांच्या मध्ये कुठेतरी मेर घालायलाच हवी होती. ती भाड्यावर घातली. शहरातल्या वकिलाच्या टेबलावर ही मेर सरळ दिसते. भाटात ती कुठून जाते ते बघायला हवं.

गोव्याच्या माणसाला जमिनीपोटी पैसे देण्याची सवय जुनी आहे, आणि पैसे दिल्यानं हक्क पक्का होतो ही समजूतही तितकीच जुनी. कोमुनिदादीची जमीन आफोरामेंतानं, म्हणजे कायमच्या पट्ट्यानं घेतली, की दरसाल ‘फोर’ भरायचा. तो भरत राहिलं की हक्क पिढीजात चालायचा. शेताचा खंड दिला की त्याची पावती म्हणजे कूळ असल्याचा भक्कम पुरावा. पाचव्या दुरुस्तीनंतर कितीतरी कुळांनी जपून ठेवलेल्या अशा पावत्याच मामलेदारापुढे ठेवल्या. दोन्ही ठिकाणी पैसे दिल्याचा कागद देणाऱ्याच्या बाजूनं बोलतो. मुंडकार कायद्यात तोच कागद उलटतो. घराचं भाडं दिल्याची पावती निघाली तर तिनं मुंडकारपणच जातं. ज्या माणसाला बापानं सांगितलेलं असतं, ‘पावती सांभाळ, तीच आपली ढाल’, त्यानं या एकाच बाबतीत ती सांभाळली तर नुकसान त्याचंच.

हे मला कायदा वाचून कळलं नाही. माझ्या आजोबांची ट्रंक उघडली तेव्हा कळलं.

काही वर्षांपूर्वी जुने कागद नीट लावायला घेतले, तेव्हा ट्रंकेत एक पावतीपुस्तक सापडलं. छापील पावत्या, वर ‘भाडें’ हा शब्द, खाली नाव आणि रक्कम भरायला रेघा. १९६४ ते १९७२ या काळात आमच्या भाटातल्या एका कुटुंबाच्या नावावर दरसाल एक, अशा नऊ स्थळप्रती. रक्कम सुरुवातीच्या वर्षांत पाच-सहा रुपयांची. त्याच कुटुंबातल्या नातवानं आपण मुंडकार असल्याचं जाहीर करून मिळावं म्हणून मामलेदाराकडे अर्ज केलेला होता. माझ्या चुलतभावाला पुस्तकाचा पत्ता लागला आणि तो खूश झाला. त्याच्या मते प्रश्न संपला होता. भाडं घेतलं, पावती दिली, म्हणजे माणूस भाडेकरू.

मला त्या रकमा खटकल्या. याच पुस्तकात आमच्या फोंड्याच्या दोन दुकानखोल्यांच्याही पावत्या होत्या. त्यांचं भाडं महिन्याला १२ रुपये, वर्षानुवर्षं तेवढंच. भाटातल्या कुटुंबाची रक्कम मात्र दर वर्षी वेगळी: कधी साडेपाच, कधी सहा, कधी पाच. भाडं असं वर-खाली होत नाही. वर-खाली होतो तो बाजारभाव. मग मी आजोबांची कीर्द काढली. तारखांशी तारखा जुळवल्या. १९६९च्या आधीच्या सगळ्या नोंदींपुढे आजोबांच्या हातचं एकच: ‘घरालागच्या दोन माडांचे’. १९६९ साली कीर्दीत एक माड वठल्याची नोंद आहे, आणि त्या वर्षापासून ‘एका माडाचे’ असं लिहून रक्कम जवळजवळ निम्मी होते. माड मेला म्हणून घराचं भाडं कोण निम्मं करतो? ते पैसे नारळांचे होते. पावतीपुस्तक दुकानखोल्यांसाठी घेतलेलं. जवळ तेच होतं म्हणून आजोबांनी तेच वापरलं. ‘भाडें’ हा शब्द त्यांनी लिहिलेला नाही, छापखान्यानं छापलेला आहे.

माझी टीका इथे दोन दिशांना जाते.

पहिली कायद्याच्या लेखणीवर. भाटकार आणि मुंडकार यांच्यात पैसे, नारळ, श्रम, सणाचं वाण असं पुष्कळ काही इकडून तिकडे जायचं. त्यातलं काय घराबद्दल आणि काय माडाबद्दल, हे दोघांनीही कधी वेगळं मांडलं नव्हतं. अशा व्यवहारातून ‘भाडं’ ही एक गोष्ट वेचून काढायची आणि तिच्यावर मालकी मिळणार की नाही हे ठरवायचं, तर भाडं म्हणजे काय हेही तिथेच सांगायला हवं होतं. ड्रॉइंगवर माप दिलं आणि किती फरक चालेल ते दिलं नाही, तर साइटवरचा माणूस स्वतःच्या सोयीनं ठरवतो. इथे साइटवर सोय कुणाची होती? वहीखातं भाटकाराकडे, पावतीपुस्तक भाटकाराकडे, लिहिणारा हात भाटकाराचा. मुंडकाराला बहुतेक वेळा वाचताही येत नव्हतं. एका स्पष्टीकरणानं काम झालं असतं: घरापुरता ठरलेला भाडेकरार दाखवल्याशिवाय किरकोळ वार्षिक रक्कम भाडं धरू नये, आणि ते दाखवायची जबाबदारी भाटकाराची. ही दुरुस्ती आजही करण्याजोगी आहे.

दुसरी टीका आपल्यावर, मंडळावर. फॉर्म एक व चौदाचा उतारा किंवा एखादी पावती हाती आली की आपण ती निबंधाच्या शेवटी चिकटवतो आणि पुरावा दिला म्हणतो. तो उतारा बनला तेव्हा मोजणीदारापुढे कोण उभं होतं, इतर हक्कांच्या रकान्यात नाव घालायचं की नाही हे कुणी सांगितलं, हे विचारत नाही. भाटकारांची बाजू मांडणारे सभासद म्हणतात, आमच्याकडे कागद आहेत. असणारच. कागद करायची सोय आपल्याकडेच होती. आणि सुटकेचा सूर लावणारे १९७६ला गोष्ट संपवतात. मामलेदार कचेरीत जाऊन बसलं तर कळतं की ती अजून चालू आहे, नातवांच्या पिढीत.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. कीर्दही आजोबांचीच. पावतीतला शब्द नाकारायचा आणि कीर्दीतला स्वीकारायचा, हे कसं? माझं उत्तर एवढंच: पावती दुसऱ्याच्या हातात द्यायची असते, कीर्द स्वतःसाठी. आणि मेलेल्या माडाबरोबर घटलेली रक्कम शब्दांवर अवलंबून नाही. पावतीपुस्तकातही ती तशीच घटलेली आहे. आजोबा भले माणूस होते असं मला सिद्ध करायचं नाही. वेठ तेही घेत, कीर्दीत तेही आहे.

मी पावत्या आणि कीर्दीतली पानं दोन्ही एकत्र, तारखा जुळवलेल्या तक्त्यासकट, त्या नातवाला दिली आणि चुलतभावालाही दिली. एक सोडून दुसरं कुणालाच दिलं नाही. जमीन आमची दोघांची. ३०० चौरस मीटर गेले तर माझ्याही वाट्यातून जातील. चुलतभावाचं म्हणणं, तू इतिहास लिहितोस की दावा चालवतोस? या चवथीला तो मूळ घरी आला नाही. आमच्या घराण्यात असं पहिल्यांदाच झालं. अर्जाचा निकाल अजून लागलेला नाही.

सभासदांना एक विनंती. घरात जुनी पावतीपुस्तकं असतील तर ती कीर्दीपासून वेगळी करू नका आणि मंडळात आणताना दोन्ही आणा. नुसती पावती वाचायला मी तरी यापुढे बसणार नाही.