लाभ सिद्ध न होणे आणि लाभ नसणे : एका वैद्यकीय पुनरावलोकनाचे चिकित्सक वाचन

सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात श्वासनलिकांतील श्लेष्मा दाट होऊन साचतो. अशा तान्ह्या मुलास रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस (आरएसव्ही) ची लागण झाल्यास साध्या सर्दीवर निभावेलच असे नाही. पॅलिव्हिझुमॅब हे या विषाणूविरुद्धचे प्रतिपिंड अशा मुलांना प्रतिबंधासाठी द्यावे काय, या प्रश्नावरील कॉक्रेन पुनरावलोकनाच्या 2016 मधील आवृत्तीचा प्रस्तुत टिपणात परामर्श घेतला आहे.

पुनरावलोकनाच्या निकषांत एकच चाचणी बसली. तीत दोन वर्षांपर्यंतची 186 मुले होती. आरएसव्हीमुळे रुग्णालयात दाखल झालेले मूल औषध दिलेल्या गटात एक आणि औषधाचा केवळ आभास दिलेल्या गटातही एकच. एवढ्या अल्प घटनांवरून औषध उपयुक्त की निरुपयोगी, हे ठरत नाही. लेखकांनीही पुरावा अपुरा असल्याचे प्रांजळपणे नमूद केले आहे. दोष आहे तो पुढील वाचनाचा. 'लाभ सिद्ध झाला नाही' हे विधान उद्धृत होता होता 'लाभ नाही' असे होऊन बसते. (आपल्या प्रबंधांतही शून्य परिकल्पना 'सिद्ध झाली' असे सर्रास लिहिले जाते!) शिवाय या चाचणीतील मुलांचा मागोवा वर्षभराचाच होता, या आजारात फुप्फुसाची हानी मात्र वर्षानुवर्षे साचत जाते.

2023 मध्ये अमेरिकेत निर्सेव्हिमॅब या दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रतिपिंडास मान्यता मिळाली. विषाणूच्या दुसऱ्या हंगामातही ते ज्यांना द्यावे, त्यांत तेथील शिफारशीने तीव्र सिस्टिक फायब्रोसिसची मुले समाविष्ट केली. 186 मुलांवरचा तो अनिर्णित निष्कर्ष या नव्या औषधास लावणे सयुक्तिक ठरणार नाही.