सही जुळत नाही

बँकेतल्या कारकुनाला विनोदी सिनेमा दाखवू नये. तो हसतो, पण हसता हसता सह्या तपासतो. वीस वर्षं चेकवरच्या सह्या ताडून पाहिल्यावर दुसरं काय होणार? जुने ब्रिटिश विनोदी चित्रपट मला मनापासून आवडतात. पण त्यांत भारतीय माणूस आला रे आला, की माझ्यातला कारकून चष्मा सावरून बसतो.

१९६० सालचा ‘द मिलियनेअरेस’ घ्या. बर्नार्ड शॉच्या मूळ नाटकातला डॉक्टर इजिप्तचा. पडद्यावर येता येता तो भारतीय झाला. खातं भारतीयाचं, सही मात्र पीटर सेलर्सची! डॉक्टर मोठा सज्जन. गरिबांना औषधं देतो आणि प्रत्यक्ष सोफिया लॉरेनच्या पैशाला भुलत नाही. तेव्हा त्याच्या स्वभावाबद्दल आपली तक्रार नाही. पण हसू येतं ते त्याच्या चांगुलपणाचं नव्हे, उच्चारांचं.

१९६८ च्या ‘कॅरी ऑन अप द खैबर’मध्ये तर खिंडसुद्धा तोतया. खैबर म्हणून दाखवलेले डोंगर वेल्समधले! संस्थानिक झालाय केनेथ विल्यम्स, पठाण झालाय बर्नार्ड ब्रेसलॉ. संस्थानिकाची पदवी ‘खासी’, आणि इंग्रजी बोलीत या शब्दाचा अर्थ संडास. एवढ्यावर हसायचं म्हणजे ओव्हरटाइम न घेता काम केल्यासारखं आहे.

पण याच सिनेमाच्या शेवटी गव्हर्नरच्या बंगल्यावर तोफा धडाडतात, छत ढासळून ताटांत पडतं आणि साहेब मंडळी काही झालंच नाही अशा थाटात जेवत राहतात. तिथे मी पोट धरून हसतो. कारण तिथे इंग्रज स्वतःच्या खात्यावर स्वतः सही करतो.

तुम्ही म्हणाल, ‘अहो, नटाचा धंदाच सोंगं घेण्याचा!’ कबूल. ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’मध्ये (१९४९) अ‍ॅलेक गिनेसने एकाच खानदानातली आठ माणसं केली. त्यांत एक बाईसुद्धा! मी आठही सोंगांना सलाम करतो. त्याच गिनेसने पुढे १९८४ साली ‘अ पॅसेज टू इंडिया’ या गंभीर चित्रपटात तोंडाला रंग लावून प्रोफेसर गोडबोले उभे केले. गोडबोले म्हणजे अगदी आपल्या आळीतलं खातं! व्हिक्टर बॅनर्जी, सईद जाफरी, रोशन सेठ त्याच चित्रपटात होते. म्हणजे भारतीय नटांचा तुटवडा होता असंही नाही. मुद्दा सोंगाचा नाहीच, वाहतूक एकेरी असण्याचा आहे. गिनेसला गोडबोले होता येतं. पण त्या काळात एखाद्या गोडबोल्याला इंग्रज ड्यूक कोणी केलं असतं काय?

हिशेब पुरा व्हायला बरीच वर्षं लागली. ‘मिलियनेअरेस’च्या जाहिरातीसाठी सेलर्स आणि लॉरेन यांनी ‘गुडनेस ग्रेशस मी’ नावाचं गाणं गायलं होतं. नेमकं तेच नाव उचलून मीरा स्याल, संजीव भास्कर वगैरे ब्रिटनमधल्या भारतीय मंडळींनी १९९८ मध्ये बीबीसी टेलिव्हिजनवर विनोदी मालिका आणली. तिच्यातलं एक टोळकं रात्री ‘इंग्लिश’ खायला जातं आणि वेटरकडे सगळ्यात मिळमिळीत पदार्थ मागतं! ज्यांच्या जेवणाची, उच्चारांची वर्षानुवर्षं थट्टा झाली, त्यांनीच आता थट्टा करायला घेतली, आणि इंग्रजही खदखदून हसले.

खातेदार स्वतः काउंटरवर आला. सही तंतोतंत जुळली. असा चेक वटायला कितीसा वेळ लागतो?