गोड मैत्री, कोरे चेहरे

ऑगस्टचा पहिला रविवार जवळ आला की ठाण्याच्या गोखले रोडपासून डोंबिवलीच्या फडके रोडपर्यंत मैत्रीचा बाजार भरतो. रंगीत पट्ट्या, मार्कर पेनं, टेडी, चकचकीत वह्या. गेल्या काही वर्षांत या बाजाराबाहेरच्या एका भेटीचीही त्यात भर पडली आहे : मैत्रिणीने मैत्रिणीसाठी हाताने काढलेलं चित्र. ते फ्रेममध्ये बसवून, मोबाइलच्या कव्हरवर छापून किंवा नुसतंच इन्स्टाग्रामवर टाकून दिलं जातं. १९७९मध्ये सुरू झालेल्या आर्चीजने एका अख्ख्या पिढीला छापील शुभेच्छापत्राची सवय लावली होती. ती मागे पडून मुलं-मुली स्वतः पेन्सिल हातात धरू लागली, ही जमेचीच बाजू.

पण ही चित्रं शेजारी-शेजारी मांडली की एक गोष्ट खटकते. दोन मुली, पाठमोऱ्या. एकीचा हात दुसरीच्या खांद्यावर. कमरेपर्यंत मोकळे केस, केसागणिक चमक दाखवणारी पांढरी रेघ, वर मोठा चंद्र किंवा उडणारे फुगे. कल्याणच्या मुलीने काढलेलं चित्र आणि ढाक्यातल्या मुलीने काढलेलं चित्र ओळखू येणार नाही इतकं सारखं. ढाक्याचं नाव उगाच घेतलेलं नाही. बांगलादेशातल्या ‘फरजाना ड्रॉइंग अकॅडमी’ या यूट्यूब वाहिनीने पेन्सिलीने मुली कशा काढाव्यात याचे धडे भारतातल्या घराघरांत पोहोचवले आहेत, आणि जिवलग मैत्रिणींची जोडी हा त्यांतला आवडता विषय आहे. धडे नीटस असतात. कागदावर खुणा करा, गोल काढा, केसांचा ओघ पकडा, पेन्सिलीची छटा घासून मऊ करा. तासाभरात कोणालाही ‘आपल्याला जमलं’ असं वाटतं. अडचण एवढीच, की त्यात मैत्रीण कुठेच नसते. तिचा तिरका दात नाही, चष्मा नाही, आखूड केस नाहीत. पाठ काढली की चेहऱ्याची कटकट मिटते, हात केसांमागे लपवले की बोटांचीही मिटते.

याचा सगळा दोष यूट्यूबच्या माथी मारणं सोपं आहे. मूळ मात्र शाळेतच सापडतं. कला संचालनालय एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा घेतं. ठाणे-डोंबिवलीच्या मध्यमवर्गीय घरांत त्या जवळजवळ संस्कारासारख्या पार पडतात. इंटरमिजिएटच्या श्रेणीला दहावीत वाढीव गुण मिळतात, ‘अ’ श्रेणीला सात, म्हणून पालकही मागे लागतात. या परीक्षेत स्मरणचित्र नावाचा पेपर असतो. बागेत खेळणारी मुलं, बाजार, सण असा प्रसंग पाहिलेल्या जगातून आठवून काढावा, ही त्यामागची सुंदर कल्पना. प्रत्यक्षात क्लासमध्ये चार-पाच तयार रचना गिरवून घेतल्या जातात आणि विषय कुठलाही आला तरी त्यांतलीच एक थोडी वळवून बसवली जाते. पुढे हीच मुलं मैत्रीचं चित्र काढायला बसतात तेव्हाही घोकलेलंच उतरवतात.

गोंडसपणाचा उगमही तपासायला हवा. १९४३ साली कॉनराड लॉरेंझ या प्राणिवर्तनशास्त्रज्ञाने मोठं डोकं, मोठे डोळे, गुबगुबीत गाल ही बाळाची लक्षणं दिसली की मोठ्यांच्या मनात माया जागी होते, असं मांडलं. जपानने या मायेचा उद्योग उभारला. सॅन्रिओ कंपनीची ‘हॅलो किटी’ १९७४ची. तिला तोंड नाही. बघणाऱ्याने आपला आनंद किंवा दुःख तिच्या चेहऱ्यावर भरून घ्यावं, अशी त्यामागची युक्ती. आपल्याकडे २००५च्या सुमारास डोरेमॉन हिंदीतून घरोघरी आला आणि नोबिता-डोरेमॉनच्या जोडीवर एक पिढी वाढली. दांडेकरांनी १९३१मध्ये सुरू केलेल्या कॅम्लिनमध्येसुद्धा २०११ साली कोकुयो या जपानी कंपनीने मोठा हिस्सा घेतला. थोडक्यात, डोंबिवलीच्या मुलीच्या कंपासपेटीपासून तिच्या कल्पनेपर्यंत जपान पोहोचलेला आहे, आणि त्यात वाईट काही नाही. कोरा चेहरा लाखो अनोळखी गिऱ्हाइकांसाठी हुशारीचा असतो. पहिलीपासून एका बाकावर बसलेल्या मैत्रिणीला तोच चेहरा देणं हा आळस आहे.

मग चेहरा नसला की चित्र फसतंच का? तसं नाही, आणि याचा पुरावा या मुलुखातच आहे. २०१४मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत डहाणू-जव्हारचा वारली पट्टा ठाणे जिल्ह्यातच होता. दोन त्रिकोण, एक गोल आणि चार काड्या एवढ्यावर वारली माणूस उभा राहतो. नाक-डोळ्यांचा पत्ता नाही. तरी तारपा वाजवणाऱ्याभोवती हातात हात गुंफून वळत जाणारी रांग पाहिली की ही माणसं एकमेकांची आहेत याविषयी शंका उरत नाही. कोण पुढे झुकलंय, कोणाचा पाय उचललेला आहे, कोणामधलं अंतर कमी झालंय, सगळं देहातून कळतं. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही भिंतीवरची कला कागदावर आणि पुढे जगभर नेली. २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज स्टेशनांच्या आणि सोसायट्यांच्या भिंतींवर वारली आकृत्या सर्रास दिसतात, पण शोभेच्या नक्षीसारख्या. दोन माणसांमधलं अंतर हीच चित्रातली गोष्ट असते, हा त्यांतला धडा कोणी उचललेला दिसत नाही.

मराठीत मैत्री रेषेत पकडण्याचा सर्वांत मोठा प्रयोग मात्र वर्तमानपत्रात झाला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१मध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू झाला. चिंटू गोंडस आहेच, टपोऱ्या डोक्याचा आणि विस्कटलेल्या केसांचा. पण त्याच्याभोवती पप्पू, मिनी, बगळ्या, राजू असं टोळकं जमतं आणि प्रत्येकाचा आकार वेगळा असतो. नाव झाकलं तरी कोण आहे ते कळतं. रोजच्या तीन-चार चौकटींत ही मुलं भांडतात, एकमेकांना शेंडी लावतात, रुसतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच अंगणात हजर असतात. ‘तू माझा जिवलग’ हे वाक्य उच्चारायची वेळ त्यांच्यावर येत नाही. २०१२मध्ये श्रीरंग गोडबोले यांनी त्यावर चित्रपट केला, तेव्हा आधीच ओळखीचे झालेले हे सवंगडी पडद्यावर आले. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेला राम वाईरकरांनी दिलेला काटकुळा, सदा पळतीवर असलेला देहही याच जातीचा. मुलगा कसा आहे हे आधी रेषेतून कळतं, मग मजकुरातून.

माधुरी पुरंदरे यांनी हेच काम अधिक हळुवारपणे केलं आहे. ‘राधाचं घर’ असो की यशची पुस्तकं, त्यांची मुलं सुंदर दिसावीत म्हणून काढलेली नसतात. ती वाकडी बसतात, त्यांचे कपडे चुरगळलेले असतात, घरात पसारा असतो. २०१४मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना मिळाला. मऊ रेषा आणि नेमकं निरीक्षण एकत्र नांदू शकतात, हे त्यांची पानं दाखवतात. शि. द. फडणीसांनीही बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत हसरी चित्रं आणली, तेव्हा ती बेरजेइतकीच अचूक ठेवली होती.

या परंपरेपुढे मोबाइलवरची आजची चित्रं ठेवली तर हिशेब संमिश्र येतो. २०१८च्या ऑक्टोबरमध्ये व्हॉट्सॲपवर स्टिकर आले आणि मैत्री व्यक्त करणं क्षणाचं काम झालं. टॅबलेटवर चित्र काढणाऱ्या मुला-मुलींना घरबसल्या कामं मिळू लागली. मैत्रिणींचा फोटो पाठवा, आम्ही त्याचं चित्र करून देतो. त्यातही नाक-डोळे न काढता फक्त केस आणि कपडे रंगवलेल्या चित्राची फॅशन आली. बंगळूरच्या अलिशिया सूझा यांच्यासारखी चित्रकार गोल गालांची माणसं काढते, पण चहाचा कप, कुत्रा, नवऱ्याशी झालेली कुरबुर असे रोजचे तपशील घालून ती आपलीशी करते. तिची नक्कल करणारे गाल तेवढे उचलतात, तपशील सोडून देतात.

मार्च २०२५मध्ये तर पेन्सिलही बाजूला पडली. चॅटजीपीटीच्या नव्या चित्रसोयीने कुठलाही फोटो ‘स्टुडिओ जिब्ली’ या जपानी ॲनिमेशन संस्थेच्या शैलीत बदलून मिळू लागला आणि कॉलेजच्या ग्रुपपासून ट्रेनच्या ग्रुपपर्यंत सगळे एका रात्रीत तिथल्या हायाओ मियाझाकींची पात्रं झाले. चित्रं गोड होती. पण कोणाच्या गालावरची खळी काढावी आणि कोणाचं पोट लपवावं हे ठरवताना मित्राकडे जे टक लावून पाहावं लागतं, ते पाहणं त्यात झालंच नाही. मैत्रीचं चित्र भेट म्हणून मोलाचं ठरतं ते त्या पाहण्यामुळे.

विषयांची वानवा तर या भागात मुळीच नाही. तिघांच्या बाकावर अंग चोरून मैत्रिणीसाठी काढलेली चौथी सीट. धावत्या लोकलमध्ये फिरणारा डबा. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर नव्या कपड्यांत जमलेली गर्दी. तलावपाळीच्या कट्ट्यावर एका मक्याच्या कणसाचे दोन वाटेकरी. डोंबिवलीच्या पै फ्रेंड्स लायब्ररीत एकाच पुस्तकावर हक्क सांगणाऱ्या दोघी. १९८६पासून चालत आलेल्या या वाचनालयाच्या नावातच मैत्री आहे. तरी मुलींच्या वह्यांत चंद्राखाली बसलेल्या परक्या मुली आहेत, चौथी सीट नाही.

तेव्हा निकाल असा : हात तयार झाले आहेत, साधनं मुबलक आहेत, हौस तर उतू चालली आहे, पाहण्याची सवय तेवढी मागे पडली आहे. ती क्लासच्या तयार रचनांनी लागणार नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या कलाशिक्षकांनी स्मरणचित्राच्या तासाला नमुन्याचा कागद फळ्यावर लावू नये. शेजारी बसणाऱ्या मुला-मुलीकडे पाच मिनिटं नीट पाहायला सांगावं, मग ती मुलं जे काढतील ते वाकडंतिकडं असलं तरी तसंच राहू द्यावं. आणि मुलांचे दिवाळी अंक काढणाऱ्या संपादकांनी त्या चित्रांसाठी दोन पानं मोकळी ठेवावीत.