पाहुण्याचा शरद, यजमानाचा हिवाळा

प्रवासवर्णनाच्या अभ्यासात प्रवासी काय पाहतो याची चर्चा विपुल झाली आहे. तो कुणाच्या घरी उतरून आणि कुणाच्या वाहनातून पाहतो, हा प्रश्न मात्र तुलनेने उपेक्षित राहिला. हेन्री जेम्सचा ‘द अमेरिकन सीन’ (१९०७) हा ग्रंथ या प्रश्नाच्या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगा आहे.

दोन दशकांच्या खंडानंतर जेम्स १९०४ च्या ऑगस्टअखेर मायदेशी परतला. ग्रंथाचे पहिले प्रकरण त्या वर्षीच्या न्यू इंग्लंडमधील शरद ऋतूचे आहे. न्यू हॅम्पशायरमधील शोकोरुआ येथे तो थोरला भाऊ विल्यम याच्याकडे राहिला. ऑक्टोबरमध्ये मॅसेच्युसेट्समधील लेनॉक्स येथे ईडिथ व्हॉर्टनच्या ‘द माउंट’ या घरी त्याचा मुक्काम होता. १९०२ मध्ये उभे राहिलेले हे घर, भोवतीची उद्याने आणि घराकडे नेणारा आखीव रस्ता ही सारी एका सौंदर्यदृष्टीची निर्मिती होती. इटालियन व्हिला व त्यांची उद्याने यांवरील व्हॉर्टनचा ग्रंथही १९०४ चाच. तिच्या मोटारीतून जेम्सने बर्कशायरच्या टेकड्या पाहिल्या.

प्रत्यक्ष संहितेत यातले फारच थोडे उरते. मोटारीच्या किमयेचा गौरव आहे. मोटारीची मालकीण अनामिक आहे. कनेक्टिकटमधील फार्मिंग्टन येथील एका घराच्या वर्णनात माने, दगा, मोने या चित्रकारांची नावे येतात, पण घरमालकाचे येत नाही. निवेदक अनेकदा स्वतःचा उल्लेखही तृतीयपुरुषी, अस्वस्थ विश्लेषक म्हणून करतो. परिणामी निसर्गदृश्य जणू कुणाच्याही मध्यस्थीविना एकाकी नजरेसमोर उलगडत जाते.

हे मौन म्हणजे सभ्यतेचा संकेत होय, असा प्रतिवाद संभवतो आणि तो निराधार नाही. अमेरिकन घरांमध्ये खाजगीपणाला आडोसा नाही, अशी जेम्सची याच ग्रंथात तक्रार आहे. स्नेह्यांची नावे टाळून त्याने हा आडोसा शब्दांत उभा केला, असे म्हणता येईल. तथापि त्याची किंमतही लक्षात घ्यावी लागते. न्यू इंग्लंडच्या खेड्यांत जमीनदार नाही, धर्मोपदेशक नाही, म्हणून त्यांना सामाजिक आकार नाही, असे जेम्सला वाटते. गावाला यजमान नाही असे म्हणणारी ही नजर स्वतः मात्र आतिथ्यावर पोसलेली आहे. ओसाड शेतवाड्या तिच्या लेखी प्रामुख्याने चित्रविषय ठरतात. तिथून उठून गेलेली माणसे चौकटीबाहेर राहतात.

व्हॉर्टनच्या ‘ईथन फ्रोम’ (१९११) या कादंबरिकेत हीच रचना उलटी झालेली दिसते. प्रदेश पश्चिम मॅसेच्युसेट्सचाच, पण ऋतू हिवाळ्याचा. परगावाहून कामासाठी आलेल्या अभियंता-निवेदकाला ईथन रोज आपल्या घसरगाडीतून नेतो-आणतो. एका हिमवादळात त्याला ईथनच्या घरी रात्र काढावी लागते आणि तिथूनच कथा उकलते. जेम्सकडे अदृश्य राहिलेले गाडीवान आणि यजमान येथे एकाच व्यक्तीत केंद्रस्थानी येतात. ही कादंबरिका जेम्सला दिलेले उत्तर आहे, असा दावा करण्याचे कारण नाही. दोन्ही संहितांच्या मुळाशी असलेला भूप्रदेश एक आहे आणि पाहण्याच्या जागा भिन्न आहेत, एवढेच तुलनेसाठी पुरेसे आहे.

येथे ऋतुवाचक संज्ञाही तपासून घ्यावी लागते. मराठी वाचकाच्या मनात शरद म्हणजे निरभ्र आकाश आणि चांदणे, पानगळ शिशिराची. न्यू इंग्लंडच्या ऑक्टोबरात मात्र वैभव आणि गळती एकाच झाडावर असतात. जेम्सच्या प्रकरणात वैभवाचा रंग गडद आहे. गळतीचा हिशेब व्हॉर्टनच्या हिवाळ्यात सापडतो. म्हणूनच पाहुण्याची संहिता यजमानाच्या संहितेशेजारी ठेवून वाचल्याखेरीज प्रवासवर्णनाचे मूल्यमापन पूर्ण होत नाही.