‘मिशन मंगल’मधली पुरी कुठे कच्ची राहते?

वरळीच्या बीडीडी चाळीत एरोस्पेसला जायचं म्हणणारी मुलं भेटली की ‘मिशन मंगल’ (२०१९) निघतोच. तारा शिंदेचा पुरीचा प्रसंग आठवतोय ना? तेल तापलं, गॅस बंद केला, तरी पुऱ्या तळल्या गेल्या; तसंच इंजिन चालू-बंद करत थोड्या इंधनात मंगळ गाठायचा.

प्रसंग झकास आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीत, ओट्यापाशीही असलं काही सुचू शकतं, हे आम्हा चाळकऱ्यांना आवडणारच. माझा आक्षेप एवढाच, की सिनेमा उपमेलाच कारण मानतो. कढईत उष्णता साठते. यानाचं इंजिन बंद केल्यावर कसली उष्णता कामाला येते? कसलीच नाही.

खरं कारण जास्त मजेदार आहे. ५ नोव्हेंबर २०१३ला पीएसएलव्हीने मंगळयान पृथ्वीभोवती लंबगोल कक्षेत सोडलं. यान १३३७ किलोचं, इंजिन ४४० न्यूटनचं. म्हणजे सिमेंटची ५० किलोची गोणीही उचलणार नाही एवढा जोर. पृथ्वीच्या सर्वांत जवळ असताना यानाचा वेग सर्वाधिक असतो आणि तिथे जाळलेलं इंधन सर्वाधिक फळतं. आकडे घालून बघा: वेग सेकंदाला १ किमी असताना १०० मीटरची भर घाला, मग १० किमी असताना तेवढीच घाला. दुसऱ्या वेळी गतिज ऊर्जेतली वाढ साडेनऊपट निघते! पण दुबळ्या इंजिनाला तिथली थोडीच मिनिटं पुरत नाहीत, म्हणून फेऱ्या मारत पुन्हा पुन्हा तिथेच यायचं. उपमा हवीच तर झोपाळा घ्या, अगदी खाली असताना ढकललेला. तीही तुटते: झोका देणारा जमिनीवर उभा असतो, यान आपलं इंधन वाहत नेतं. पीएचडीच्या मुलाखतीत उपमा दिलीत, तर पुढचा प्रश्न हाच येतो, ती कुठे लागू होत नाही?

११ नोव्हेंबरला वेगात सेकंदाला १३० मीटरची भर हवी होती, मिळाली ३५ची. झडपेच्या मुख्य आणि राखीव कॉइल एकत्र चालवून बघताना इंधनाचा प्रवाह थांबला होता. उरलेलं काम दुसऱ्या दिवशी उरकलं. हे करिअर बरंचसं अशा झडपांचं आहे. आणि ‘एरोस्पेस’ नावाच्या महागड्या सीटसाठी घरच्यांना कर्ज काढायला लावण्याआधी इस्रोच्या भरतीच्या जाहिराती वाचा: त्यात बहुतेक जागा मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरवाल्यांसाठी असतात.